अंबर: एका अरबी नावाचा अर्थ आणि इतिहास (मलिक अंबर यांच्या निमित्तानं)

वेरूळवाट

खुलताबाद परिसरावरच्या एका मराठी माहितीपुस्तिकेत मलिक अंबर (अहमदनगरच्या निजामशाहीचे पेशवे) यांच्यासाठी दोन पानं आहेत आणि त्यात नावाबद्दल एक छोटी चौकट आहे. मसुद्यातलं वाक्य असं: ‘अंबर म्हणजे आकाश. नावाप्रमाणेच त्यांचं कर्तृत्व आकाशाएवढं होतं.’ नाव संस्कृत नसून अरबी आहे, त्यामुळे हे वाक्य जाणार. पण त्याजागी नुसतं ‘सुगंधी द्रव्य’ लिहिलं तर पुरेसं होईल का? हे नाव त्यांना कुणी दिलं, अशी नावं कुणाला देत, देवनागरीत ते अंबर, अम्बर की अनबर लिहायचं, आणि ‘मलिक’ हा नावाचा भाग धरायचा की पदवी, हेही हवं आहे. चौकट दीडशे शब्दांची आहे, पण पाया पक्का असावा.

नूनगुन्ना

लेखनापासून सुरुवात करतो, कारण निम्मा घोळ तिथूनच होतो.

अरबीत या नावात चार अक्षरं आहेत: ऐन, नून, बे, रे. म्हणजे लिहिताना ‘अन्बर’. पण अरबीत स्वरहीन नूनपुढे बे आला की नूनचा उच्चार म होतो. कुराणपठणाच्या शास्त्रात या नियमाला ‘इक्लाब’ म्हणतात. म्हणून लिहायचं नून आणि वाचायचं म. आपल्याकडे परसवर्णाचा नियम नेमकं हेच करतो. प-वर्गातल्या अक्षराआधी अनुस्वार आला की तो म असा वाचला जातो. त्यामुळे ‘अंबर’ हे लेखन अगदी चपखल आहे, त्याला हात लावू नका. ‘अम्बर’ चूक नाही, पण गरज नाही. ‘अनबर’ मात्र टाळा. ते रोमन लिपीतल्या ग्रंथसूचीतून जसंच्या तसं उचललेलं असतं, आणि मराठी वाचक त्याचा उच्चार अ-न-ब-र असा सुटा करतो.

सुरुवातीचा ऐन घशातला आवाज आहे. फारसीतच तो पुसट झाला, दख्खनीत आणि मराठीत उरलाच नाही. अली, उमर, अरब, अत्तर, अक्कल हे सगळे मुळात ऐनचे शब्द. शब्दाच्या मध्ये ऐन असला तर बहुतेक वेळा मागचा स्वर दीर्घ होऊन जातो: तालुका, मामला. तेव्हा ऐन दाखवायला नुक्ता किंवा अवतरणचिन्ह घालू नका. सर्वसाधारण पुस्तिकेत त्याचा काही उपयोग नाही.

आता सारख्या दिसणाऱ्या शब्दांपासून सांभाळा. संस्कृत अंबर (आकाश, वस्त्र) वेगळा. अंबरनाथ त्या बाजूचा. फारसी ‘अंबार’ म्हणजे कोठार, साठा, ढीग, आणि तो अलिफने लिहितात, ऐनने नाही. इराकमधलं अल-अंबार हे त्या कोठारावरून आलेलं नाव. बगदाद वसण्याआधी काही काळ अब्बासी खलिफांची राजधानी तिथे होती. म्हणून अरबी ग्रंथकारांच्या नावात ‘अंबरी’ आणि ‘अंबारी’ दिसले तर ते एक समजू नका. पहिलं टोळीवरून आलेलं असतं, दुसरं गावावरून. हत्तीवरची अंबारी तिसरीच. आणखी एक जोडी म्हणजे अंबर आणि अंतर. काळा योद्धा-कवी अंतरा इब्न शद्दाद याच्या नावात बे ऐवजी ते आहे. बे ला खाली एक टिंब, ते ला वर दोन. पुसट हस्तलिखितात टिंबं उडाली की दोन्ही शब्द एकच दिसतात, म्हणून संदर्भ पाहिल्याशिवाय नाव ठरवू नये.

सागरवेला

वस्तूबद्दल लिहितो. ‘सुगंधी द्रव्य’ हे बरोबर आहे, पण इतकं मोघम आहे की कापूर, चंदन, कस्तुरी सगळ्यांना लागू पडेल.

अंबर स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होतो. हा देवमासा माकूळ खातो. माकुळाच्या चोची पचत नाहीत. त्यातल्या काही आतड्यात अडकून राहिल्या की त्यांच्याभोवती मेणासारखा थर साचत जातो. तो गोळा कधी विष्ठेबरोबर बाहेर पडतो, कधी मासा मेल्यावर सुटतो, आणि मग दीर्घकाळ समुद्रावर तरंगतो. ताजा असताना काळा, मऊ आणि शेणासारख्या वासाचा असतो. ऊन, खारं पाणी आणि हवा लागून तो राखाडी, हलका आणि गोडसर वासाचा होतो. आपल्याकडच्या बातम्यांत ‘व्हेलची उलटी’ म्हणतात, पण तो उलटीतून येत नाही. अत्तरात त्याची किंमत दोन कारणांसाठी: स्वतःचा वास, आणि इतर वास धरून ठेवण्याची ताकद.

अरबी लेखकांनी रंगावरून प्रतवारी लावली. ‘अश्हब’ म्हणजे राखाडी-पांढरा, तो सगळ्यात वरचा. काळा सगळ्यात खालचा. आईन-इ-अकबरी या अकबरकालीन ग्रंथातल्या सुगंधांच्या यादीतही ‘अंबर-इ-अश्हब’ आहे. येमेनमधल्या हद्रमौतच्या किनाऱ्यावरचं अश-शिह्र आणि पूर्व आफ्रिकेचा किनारा ही त्याची नावाजलेली ठिकाणं. तो कुठून येतो यावर तर्कवितर्क होते. कुणी समुद्रतळाचा झरा म्हणे, कुणी पाण्याखाली उगवणारी वनस्पती.

अरबीत हाच शब्द त्या माशालाही आहे. सहीह बुखारी या हदीससंग्रहात एक प्रसंग येतो. अबू उबैदा इब्न अल-जर्राह यांच्या हाताखाली तीनशे माणसांची तुकडी किनाऱ्यावर उपाशी पडली, झाडाची पानं खायची वेळ आली, आणि मग समुद्रानं ‘अल-अंबर’ नावाचा प्रचंड मासा बाहेर टाकला. त्यावर ती तुकडी काही कथनांत अर्धा महिना तर काहींत महिनाभर जगली. त्याची बरगडी उभी केली तर खालून स्वार निघून गेला. जुन्या कोशांत ‘अंबर’चा एक अर्थ ढाल असाही दिला आहे, या माशाच्या कातड्याची केलेली.

युरोपी भाषांतला ‘ॲम्बर’ हा शब्दही इथूनच गेला आणि पुढे झाडाच्या अश्मीभूत डिंकाला चिकटला. त्या डिंकाला फारसीत ‘कहरुबा’ म्हणतात. काही मराठी पुस्तकांत मलिक अंबरच्या नावाचा अर्थ ‘पिवळसर मौल्यवान खडा’ असा आढळतो, तो इंग्रजीवरून उलटा आलेला आहे. चौकटीत तो शिरू देऊ नका.

मोडीवाचक

वरच्या दोघांनी शब्द आणि वस्तू नीट मांडली. पण वेरूळवाट, तुमच्या प्रश्नाचा गाभा ‘कुणाला देत’ हा आहे आणि चौकटीत तोच आला पाहिजे. ‘अंबर म्हणजे सुगंध’ एवढंच छापलं तर वाचकाला वाटेल आईवडिलांनी हौसेनं ठेवलेलं नाव आहे. तसं नाही.

आधी एक पथ्य: हे नाव मुळातच गुलामांचं होतं असं लिहू नका. तमीम या मोठ्या अरब टोळीची ‘बनू अल-अंबर’ ही शाखा आहे, अल-अंबर इब्न अम्र इब्न तमीम या पूर्वजावरून. बोलताना तिला आखडून ‘बल-अंबर’ म्हणत. बसऱ्याचा आठव्या शतकातला काझी उबैदुल्ला इब्न अल-हसन अल-अंबरी याच कुळातला. म्हणजे इस्लामच्या आधीपासून मोकळ्या, कुलीन अरबांत हे नाव होतं.

पुढे अब्बासी काळात आणि नंतर बाजारात विकत घेतलेल्या माणसाला नवं नाव देण्याची चाल पक्की झाली. विक्रीखतात गुलामाचं नाव, मूळ देश किंवा वंश आणि अंगातले दोष लिहायचे असत. जन्मनाव घेणाऱ्याच्या जिभेवर बसत नसे, किंवा त्याला ते नकोच असे. मग सुगंध, रत्नं, फुलं किंवा शुभशब्द यांतून नाव निवडत. सुगंधांत अंबर, काफूर (कापूर), संदल (चंदन), रैहान (सब्जाच्या जातीची सुवासिक तुळस), सुंबुल (जटामांसी). रत्नांत याकूत (माणिक), लुलु (मोती), मर्जान (पोवळं), जौहर, अल्मास (हिरा). शुभशब्दांत मुबारक, बशीर, इक्बाल. यातले काफूर आणि संदल हे आपल्याच कर्पूर आणि चंदनाचे प्रवास करून गेलेले रूप आहेत.

शुभशब्दांबद्दल सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात एक सूचना येते: गुलामाला अफ्लह (यशस्वी), रबाह (नफा), यसार (सुबत्ता), नाफिअ (लाभकारी) अशी नावं ठेवू नयेत. कारण कुणी विचारलं ‘नफा घरात आहे का?’ आणि उत्तर आलं ‘नाही’, तर तो अपशकुन. या सूचनेवरून अशी नावं किती रुळली होती हेही कळतं.

नाव कातडीच्या रंगावरून पडे हा समज अर्धवट आहे. इजिप्तचा शासक काफूर (मृत्यू 968) काळा होता आणि कापूर पांढरा. त्याची कुन्या, म्हणजे ‘अमक्याचा बाप’ या घडणीचं नाव, ‘अबुल-मिस्क’ म्हणजे कस्तुरीचा बाप, आणि कस्तुरी काळी. तिथे विरोधाचा खेळ उघड आहे. मुतनब्बी या कवीनं आधी त्याची स्तुती केली आणि मनासारखं पद मिळालं नाही म्हणून नंतर त्याच्या गुलामपणावरून हिणवलं. पण 969 मध्ये कैरोची पायाभरणी करणारा फातिमी सेनापती जौहर ‘अस-सिकिल्ली’, म्हणजे सिसिलीकडचा होता. भूगोलकार याकूत अल-हमवी (1179–1229) ‘रूमी’ होता, बायझंटाइन मुलखातला. दोघेही आफ्रिकी नव्हेत. रंग कोणताही असो, विकत घेतलेल्या माणसाला रत्नाचं किंवा सुगंधाचं नाव मिळे. तुर्की गुलाम मात्र यातून बरेचसे सुटले. ऐबक, इल्तुतमिश, बैबर्स ही तुर्की नावं तशीच राहिली, कारण त्यांना विकत घेणारे लष्करी वर्तुळच तुर्कीभाषक होतं.

खरी खूण बापाच्या नावात सापडते. अरबी नावाची साखळी ‘इब्न अमुक इब्न तमुक’ अशी चालते. विकून आलेल्याची साखळी तुटलेली असे. त्याला ‘इब्न अब्दुल्ला’ लावत, म्हणजे ‘देवाच्या एका सेवकाचा मुलगा’. हे कुणालाही चालतं. आणि पुढे मालकाचं नाव चिकटे. याकूत इब्न अब्दुल्ला अल-हमवी यात ‘हमवी’ हे त्याला विकत घेणाऱ्या अस्कर अल-हमवी या व्यापाऱ्याकडून आलेलं. सुलेखनकार याकूत अल-मुस्तासिमी याच्या नावात खलिफा मुस्तासिम आहे. एकच सुगंधी किंवा रत्नाचं नाव, पुढे ‘इब्न अब्दुल्ला’ आणि मग मालकाची खूण, असे तिन्ही एकत्र दिसले तर माणूस मुक्त झालेला गुलाम असण्याची शक्यता फार मोठी. नुसत्या ‘इब्न अब्दुल्ला’वरून मात्र काही ठरवू नका. अब्दुल्ला नावाचे खरे बापही असंख्य होते.

वेरूळवाट

मोडीवाचक, ही दिशाच हवी होती. आता थेट मलिक अंबर. नाव कुणी दिलं याबद्दल आपण ठामपणे किती म्हणू शकतो? आणि जंजिऱ्याच्या सिद्दींची नावंही याच पद्धतीची मानायची का?

दौलताबाद

जन्म साधारण 1548, हबशाण म्हणजे आजचा इथिओपिया. जन्मनाव ‘चापू’ असं डच व्यापारी पीटर व्हान डेन ब्रुके यानं नोंदवलं आहे, आणि तो त्यांना प्रत्यक्ष भेटला होता. विक्री येमेनमधल्या मोख्याच्या बाजारात, तिथून बगदाद. बगदादला मीर कासिम अल-बगदादी या व्यापाऱ्यानं त्यांना शिकवलं, इस्लाममध्ये आणलं आणि ‘अंबर’ नाव दिलं. 1570 च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेज खान यानं त्यांना विकत घेतलं. हा चंगेज खान स्वतः गुलामीतून वर आलेला हबशी होता. तेव्हा चौकटीत ‘बगदादच्या मालकानं दिलेलं नाव’ असं खुशाल लिहा.

‘मलिक’ ही पदवी आहे. लाम पुढच्या छोट्या इकारासह मलिक म्हणजे राजा, सरदार. पहिला स्वर लांबवला की मालिक, म्हणजे धनी, आणि आपला ‘मालक’ त्यावरून. इतिहासकार बरनीनं दिल्लीच्या सुलतानीची जी कागदावरची उतरंड दिली आहे, तिच्यात दहा स्वारांवर सरखैल, दहा सरखैलांवर सिपहसालार, दहा सिपहसालारांवर अमीर, दहा अमिरांवर मलिक आणि दहा मलिकांवर खान. प्रत्यक्षात आकडे असे काटेकोर नसत, पण क्रम कळतो. मराठी लेखनात दोन्ही शब्द इतके जुळले की संधी होऊन ‘मलिकंबर’ झालं, आणि त्यांच्या जमीनमहसुलाच्या पद्धतीला ‘मलिकंबरी’ म्हणू लागले. जुन्या कागदात ‘मलिकंबरी धारा’ दिसला तर तो हाच. सूचीत मात्र ‘अंबर, मलिक’ आणि ‘मलिक अंबर’ अशा दोन्ही नोंदी ठेवा.

मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वेगळी वाटते. दख्खनमध्ये वर चढलेले हबशी सरदार नाव मागे टाकून पदवी घेत. विजापूरचा मलिक रैहान इखलास खान झाला आणि दरबारात त्याच नावानं वावरला. अंबर मात्र पेशवे झाले, निजामशाहीचा सगळा कारभार हाती आला, 1610 च्या सुमारास खडकी वसवली, 1624 मध्ये भातवडीला मोगल आणि आदिलशाही फौजांचा एकत्र पराभव केला, आणि तरी शेवटपर्यंत अंबरच राहिले. मुलाचं नाव मात्र फतेह खान. बापाचं नाव बगदादच्या घरातलं, मुलाचं दरबारातलं. त्याच फतेह खानानं खडकीचं फतेहनगर केलं, आणि पुढे तिचं औरंगाबाद झालं. 1626 मध्ये अंबर वारले, कबर खुलताबादला आहे. शहरात पाणी आणणाऱ्या नहरीला आजही लोक नहर-ए-अंबरी म्हणतात.

जहांगीर आपल्या आठवणींत त्यांचा उल्लेख काळ्या रंगावरून शिवी देऊनच करतो. चित्रकार अबुल हसननं काढलेलं, जहांगीर अंबरच्या छाटलेल्या मुंडक्यावर बाण सोडतो आहे असं चित्र डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. तसं प्रत्यक्षात कधी घडलं नाही. अंबर त्यांच्या हाती लागलेच नाहीत. जहांगीराच्याच दरबारातल्या मुतमद खानानं पुढे युद्ध आणि कारभारात या माणसाला तोड नव्हती अशा अर्थाचं लिहून ठेवलं.

आणि नावांचा ओघ एकाच दिशेनं वाहत नव्हता हेही एका ओळीत यावं. मालोजी भोसल्यांनी नगरच्या शाह शरीफ पिराच्या नावावरून मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली अशी परंपरा आहे. शाह फारसी, शरीफ अरबी, पुढचा ‘जी’ आपला. हेच शरीफजी भातवडीला अंबरच्या बाजूनं लढताना पडले.

मोडीवाचक

जंजिऱ्याबद्दल: सरसकट नको. ‘सिद्दी’ हे ‘सय्यिदी’ (माझे धनी) वरून आलेलं मानाचं संबोधन, तर ‘हबशी’ हे हबश देशावरून. सिद्दी संबळ हे नाव फारसी लिपीत ‘सुंबुल’च्याच अक्षरांत लिहितात. स्वरचिन्हं नसल्यामुळे सुंबुल, संबल कसंही वाचता येतं, आणि नूनपुढे बे आल्यावर म होणं इथेही घडतं. मराठीतलं संबळ वाद्य मनात असल्यानं बहुधा आपण ते तसं वाचलं आणि रुजवलं. सिद्दी खैर्यत हे शुभशब्दांतलं. पण सिद्दी कासिमला ‘याकूत खान’ ही पदवी औरंगजेबाकडून मिळाली. तिथे माणिक गुलामाचं नाव उरलं नाही, दरबारी सन्मान झाला. एकच शब्द दोन टोकांना कसा जातो याचं हे कोकणातलं चांगलं उदाहरण आहे.

अत्तरदाणी

पुस्तिकेत ‘आजही अंबर अत्तर मिळतं’ असं वाक्य टाकण्याचा मोह होईल. जपून. ‘शमामतुल अंबर’ या नावानं मिळतं ते देग-भपक्यानं (अत्तर गाळण्याच्या जुन्या भांड्यांनी) चंदनतेलावर उतरवलेलं मसाले आणि मुळांचं मिश्रण असतं, त्यात देवमाशाचा अंबर बहुधा नसतोच. बाकी ‘अंबर’ म्हणून विकतात ते लोबान, लॅब्डॅनम ही राळ आणि व्हॅनिलिनची जुळवणी, किंवा क्लेरी सेज या वनस्पतीपासून बनवलेलं ॲम्ब्रॉक्साइड. स्पर्म व्हेल वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली संरक्षित आहे आणि अंबरचा व्यापार भारतात गुन्हा आहे. किनाऱ्यावर गोळा सापडला तर घरी न नेता वनखात्याला कळवायचं. कोकणात यावरून अटका होत असतात, तेव्हा किंमत वगैरे छापू नका.

‘शमामतुल अंबर’ हे नाव ग्रंथालाही आहे. अठराव्या शतकात औरंगाबादेत राहिलेल्या आझाद बिलग्रामी यांनी इस्लामी परंपरेत हिंदुस्थानचा उल्लेख कुठे कुठे येतो यावर अरबीत लिहिलेला तो निबंध. पुढे तो त्यांनी ‘सुब्हतुल मर्जान’ या ग्रंथात घातला. अंबर आणि मर्जान, दोन्ही मोडीवाचकांच्या यादीतले शब्द. आझादही खुलताबादलाच पुरले आहेत. जागा असेल तर तुमच्या पुस्तिकेत त्यांना जरूर घ्या.

पहाटवारा

चर्चा वाचतेय. थोडा वेगळा प्रश्न: आज बाळाचं नाव अंबर ठेवायचं असेल तर?

नूनगुन्ना

ठेवता येतं. फक्त कोणता अंबर हे घरात ठरवून घ्या, कारण उर्दूत लिहायची वेळ आली की फरक पडतो. सुगंधाचा असेल तर ऐन-नून-बे-रे, आकाशाचा असेल तर अलिफ-मीम-बे-रे. उर्दूभाषक घरांत अंबर आज मुख्यतः मुलींचं नाव आहे, आणि अंबरीन (अंबरासारखी सुवासिक, फारसी प्रत्यय) तर मुलींचंच. मराठी घरांत अंबर मुलाचं असतं. रोमन लिपीत शेवटच्या अक्षराआधी ‘ई’ (e) लिहू नका, नाहीतर परदेशात ते इंग्रजी मुलीचं ‘ॲम्बर’ म्हणून वाचलं जाईल. जन्मदाखला, आधार आणि पासपोर्ट तिन्हीकडे पहिल्या दिवसापासून एकच लेखन ठेवा. अबजद पद्धतीनं (प्रत्येक अरबी अक्षराला ठरलेला अंक) नावाचे अंक काढणाऱ्यांसाठी: ऐन 70, नून 50, बे 2, रे 200, बेरीज 322. उच्चार म असला तरी नूनचेच अंक धरतात. मीमचे 40 धरले की 312 येतात आणि कालश्लेष (अक्षरांच्या अंकांतून साल सांगणारी ओळ) चुकतो.

वेरूळवाट

चौकट आता अशी बसवली आहे:

‘अंबर (अरबी) म्हणजे स्पर्म व्हेलपासून मिळणारं, समुद्रात वाहून येणारं मौल्यवान सुगंधी द्रव्य. संस्कृत अंबर (आकाश) याच्याशी संबंध नाही. अरबांच्या तमीम टोळीत हे पूर्वजाचं नाव होतं. पुढे काफूर, याकूत, रैहान यांप्रमाणे विकत घेतलेल्या माणसांना ते दिलं जाई. हबशाणातल्या चापू या मुलाला बगदादचा व्यापारी मीर कासिम यानं हे नाव दिलं. मलिक ही नंतरची पदवी. पेशवेपदी पोचल्यावरही त्यांनी अंबर हेच नाव चालवलं. त्यांच्या महसूलपद्धतीला मराठीत मलिकंबरी म्हणतात.’

मोडीवाचक

चांगली झाली आहे. दोन दुरुस्त्या. ‘चापू या मुलाला’ऐवजी ‘डच नोंदीनुसार चापू असं जन्मनाव असलेल्या’ करा, कारण ते नाव त्या एका नोंदीवर उभं आहे. आणि ‘विकत घेतलेल्या माणसांना’ यापुढे ‘आफ्रिकी’ हे विशेषण छपाईच्या वेळी कुणी घालणार नाही याकडे लक्ष ठेवा. जौहर आणि याकूत अल-हमवी यांच्यामुळे ते चुकीचं ठरतं.

दौलताबाद

आणि पुस्तिकेत फतेहनगरचा उल्लेख कराल त्या ओळीत खडकी म्हणजे पुण्याजवळची खडकी नव्हे, हे कंसात घाला. पुण्याकडचे वाचक तिथेच अडखळतात.